मोरपंखी ढब्बू

फाल्गुन सरत आला होता. पहाटे वाकळ अंगावरून काढवत नव्हती आणि दहाच्या सुमाराला तीच वाकळ नुसती बघितली तरी घाम फुटत होता, असे ते दिवस. रात्रभर वाऱ्याने धुमाकूळ घातला होता आणि उजाडताच तो असा गप झाला होता, जसा काही त्या गावचाच नाही. अंगणाअंगणात लिंबाचा पाचोळा पडला होता, कुणाची चड्डी कुणाच्या पत्र्यावर जाऊन बसली होती. कडा गावाच्या अलीकडच्या एका वाडीत टँकर आला होता आणि रामहरी पाणाडी लुंगी खोचून, पाइपाचं तोंड आपल्या ड्रमात कोंबून उभा होता.

"तात्या," मागून कुणीतरी बोललंच, "साऱ्या तालुक्याला पानी दावलं तुमी, आन् सोता टँकरच्या लाइनीत कावून?"

रामहरीने मान वळवली नाही. "डाक्टर सोताच्या पोटाचं आपरीशन सोता करतो का बे?"

लोक हसले. हा सवाल आणि हा जबाब दर उन्हाळ्याला होत असे आणि लोक दर उन्हाळ्याला तितकंच हसत.

रामहरी साठीला टेकलेला, अंगाने काटक, मिशा मात्र अंगाला न शोभणाऱ्या थोराड. जमिनीखालचं पाणी सांगणं हा त्याच्या बापाचा धंदा होता, आणि बापाने मरताना त्याला दोन गोष्टी दिल्या होत्या. एक म्हणजे बेफिकीर तोंड आणि दुसरी म्हणजे निजामाच्या राजवटीतले तीन तांब्याचे ढब्बू पैसे. बाकीचे पाणाडी तळहातावर नारळ उभा करत, लिंबाची दुबेळकी काडी धरून शेतातून फिरत. रामहरी त्यांना हसायचा. "काडीला काय कळतंय? तांब्याला कळतं," असं त्याचं म्हणणं. जिथं पाणी असेल असं वाटे तिथं तो दिवस मावळताना हातभर खड्डा करी. राखेने घासलेला ढब्बू ओल्या फडक्यात गुंडाळून त्यात ठेवी, वर मातीचं खापर उपडं घाली आणि खड्डा बुजवून टाकी. सकाळी काढायचा. रात्रीतून तांब्याला जो रंग चढला असेल तो बघून सांगायचं. तपकिरी राहिला तर खाली नुसता खडक. हिरवा सुटला तर पाणी खारट. लालसर झाला, कडेला हिरवी झाक आली, तर लागतंय, पण धीर धरा.

आणि एक रंग त्याने कधी बघितलाच नव्हता. बाप सांगायचा, जन्मात एकदाच त्याला तो दिसला होता. "मोरपंखी. मोराच्या मानंसारखा. तसा रंग आला ना पोरा, डोळे झाकून कुदळ मार. पानी न्हाई, गंगा हाय ती." रामहरीने शेकडो वेळा ढब्बू पुरले आणि उकरले, पण मोर काही त्याच्या नशिबात नाचला नव्हता.

लागलेले बोअर रामहरीच्या ध्यानात होते. कोरडे गेलेले लोकांच्या ध्यानात होते. त्यावर त्याचं एकच उत्तर असायचं: "पानी हुतंच. मशीनीच्या आवाजानं सरकलं."

ड्रम भरत आला तेवढ्यात लुंगीतला फोन वाजला. जावई होता, विलास.

"मामा, बोरची गाडी मिळाली बरं का! उंद्या सकाळी येतीय. आज दिवस मावळायच्या आत या आन् पाइंट काढून द्या."

रामहरीच्या हातातला पाइप ड्रमातून निसटला आणि त्याचे दोन्ही पाय भिजले. "मी? आवं, तिकडं तुमच्याकडं दुसरे पानाडी हाईत की."

"आई म्हनली, घरात पानाडी आसताना बाहेरचा कावून?"

आई म्हणजे तुळजाबाई. रामहरीने फोन ठेवला आणि पाणी भरायचं सोडून घरात गेला. चंद्रभागाबाई भाकरी थापत होती. तिने सारं ऐकून घेतलं, भाकरी तव्यावर टाकली आणि नवऱ्याकडे न बघताच बोलली.

"लेकीच्या घरी पानी बगू नका. लागलं तर म्हनतेल जमिनीचं नशीब. न्हाई लागलं तर म्हनतेल हिच्या बापानं बुडवलं. तुमी यष्टीत बसून इकडं येताल, आन् ती तिथंच ऱ्हाती."

हे खरंच होतं. दीपमालेला त्या घरात दिलं त्याला तीन वर्षं झाली होती. विहीणबाई वाईट नव्हती, पण तिची जीभ अशी, की भांडी आदळली तर एकदाच आवाज व्हावा आणि तिचं बोलणं मात्र वर्षभर वाजत राहावं. हळदीच्या दिवशी रामहरीकडून वऱ्हाडाला आमटी कमी पडली होती. ती आमटी दर सणाला पुन्हा कमी पडत असे.

पण नाही कसं म्हणायचं? नाही म्हटलं तर, "लोकांची रानं बघत्यात, लेकीचं रान जड झालं." रामहरीने तिन्ही ढब्बू चंचीत टाकले आणि पाटोद्याची गाडी धरली.

*

लेकीचं गाव पाटोद्याच्या अंगाला, डोंगरपट्ट्यात. मोरांचं अभयारण्य तिथून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे माणसांपेक्षा मोर जास्त आणि मोरांपेक्षा मोरांनी खाल्लेल्या पिकाच्या तक्रारी जास्त. विलासने मोटारसायकलवरून आणून सोडलं तेव्हा आप्पाराव ओट्यावर बसले होते.

व्याही-विहिणीला या भागात इवाई-ईनबाई म्हणतात. इवाई आप्पाराव म्हणजे गावातलं वजनदार माणूस. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का, गावच्या सप्ताहाचे ते म्होरके. सप्ताहाच्या महिनाभर आधीपासून गावात कुणाच्या घरी रश्श्याचा वास आला तर आप्पाराव नुसते त्या घरासमोर उभे राहून खाकरत. तेवढ्यानं भांडं चुलीवरून उतरत असे. गेल्या दिवाळीत ते फार आजारी पडले होते. अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात काही दिवस काढून आले. आता मात्र गाल भरले होते, चेहऱ्यावर तुकतुकी आली होती.

"इवाई, तब्येत तर झकास झाली," रामहरी म्हणाला.

"नामस्मरन, इवाई. दुसरं काय?" आप्पाराव म्हणाले आणि उगाच घशात खाकरले.

दिवस कलायला सगळे रानात गेले. रामहरीने रान पायाखालून घातलं, डोळे बारीक करून चढ-उतार बघितला, मातीचा खडा जिभेला लावून थुंकला. एक जागा विहिरीच्या जुन्या खड्ड्याजवळ नेमली, दुसरी बाभळीखाली. मग त्याचं लक्ष गेलं बांधाच्या कोपऱ्यात, लिंबाच्या झाडाखाली. तिथली माती बाकीच्या रानापेक्षा भुसभुशीत होती, काळपट होती, ओलसर वाटत होती.

"हितं एक," रामहरी म्हणाला.

"तिथं नको," आप्पाराव इतक्या झटकन बोलले की विलास दचकला.

"कावून?"

"तिथं... मुंगळे हाईत."

"मुंगळे आसतील तर मंग नक्कीच पानी हाय. मुंगळा कोरड्याला घर करत न्हाई."

"साप बी हाय!"

"आवं, मंग तर बगायलाच नको!"

रामहरीला बापाचं एक वाक्य आठवलं होतं: मालक जिथं नको म्हणतो, तिथं जमीन हो म्हणते. त्याने अंधुक उजेडातच खड्डा केला, आप्पारावांच्या डोळ्यांदेखत तिसरा ढब्बू पुरला आणि खापरावर माती ओढली. आप्पाराव डोक्यावरचा पटका काढून तोंड पुसत राहिले. उन्हं केव्हाच उतरली होती.

*

सकाळी खापरं उचलायला अर्धी आळी जमली. सप्ताहातले दोन टाळकरी आले होते, शेजारची एक दोन घरं आली होती. तुळजाबाई पदर खोचून सर्वांत पुढे. जुन्या खड्ड्याजवळचा ढब्बू निघाला तपकिरी, जसा ठेवला तसा. बाभळीखालचा निघाला जरा लालसर, कडेला पुसट हिरवी रेघ. "हे बरं हाय," रामहरी म्हणाला, "पन थांबा."

लिंबाखालचं खापर त्याने उचललं. फडकं सोडलं. आणि तो हलायचाच थांबला.

ढब्बू पेटला होता. मधोमध गर्द निळा, त्याच्या भोवती जांभळा, जांभळ्यातून सोनेरी उतरत गेलेला, आणि उन्हात जरा तिरका केला की हिरवा चमकून पुन्हा निळ्यात शिरत होता. ढब्बूवरची झिजून गेलेली फारसी अक्षरंही त्या रंगात न्हाऊन निघाली होती. थेट मोराची मान. बापाने सांगितलं होतं तस्सा.

"मोरपंखी!" रामहरी ओरडला आणि त्याचा आवाज फाटला. "मोरपंखी हाय! माझ्या बापानं एकदाच बगितला हुता! ईनबाई, गंगा हाय तुमच्या रानात, गंगा!"

एकच कल्ला झाला. टाळकऱ्यांनी 'पुंडलिक वरदे' म्हटलं. विलासने फोन काढला, ढब्बूचे फोटो काढले, सासऱ्याचा ढब्बूसकट फोटो काढला आणि जागच्या जागी स्टेटसला ठेवला: आमच्या मामांचा मोरपंखी. तुळजाबाई म्हणाल्या, "आता गं बया!" त्यांच्या तोंडून तीन वर्षांत पहिल्यांदाच रामहरीबद्दल चांगला शब्द निघाला. "आमटीला कमी पडले तरी पान्याला कमी पडले न्हाईत इवाई."

रामहरीच्या छातीत मावेना. बाप असता तर, असं त्याच्या मनात आलं आणि डोळे भरून आले म्हणून त्याने ढब्बू कपाळाला लावला.

आणि त्याला वास आला.

कपाळावरून तो हळूहळू नाकाशी आणला. परत हुंगला. ओळखीचा वास होता. यात्रेत, दारूच्या अड्ड्याच्या मागे, पिवळ्या बल्बाखाली हातगाडीवर जो वास येतो तोच. रामहरीने खाली बघितलं. खड्ड्यातल्या भुसभुशीत मातीत पांढरा, नखाएवढा एक तुकडा चमकत होता. त्याने तो पायाच्या अंगठ्याने आत दाबला आणि सगळीकडे बघून हसला.

"च्या घ्या, बापू," मागून दीपमाला आली. हातात कपबशी होती. तिने नजरेनेच सांगितलं, इकडं या.

बांधापलीकडे गेल्यावर ती एका दमात बोलली. "बापू, तिथं बोर घेऊ नका. तिथं आमी पिवळं पुरतो."

"काय पुरता?"

"आंड्यातलं पिवळं! मामंजींना दवाखान्यात सांगितलंय. ताकद याया पायजे, रोज चार आंडी खा. पन पिवळं खाऊ नका, नुसतं पांढरं. मामंजी रडले माझ्यापुढं. म्हनले, पोरी, माळ हाय गळ्यात, आन् जीव बी हाय. मग मीच पान्याच्या चुलीवर उकडते. आंघोळीच्या पान्यातच."

"त्या पान्यानं सगळे आंघोळ करतेत?"

"आत्याबाई सुदीक."

रामहरी मटकन बांधावर बसला. म्हणजे तांब्याला चढलेला तो रंग गंगेचा नव्हताच, कुजलेल्या पिवळ्याचा होता. "आन् आंडी कोन आनतं?"

"सोता मामंजी. भजनाच्या टाळाच्या पिशवीतनं. फुटू नये म्हनून सावकास चालत्यात. लोक म्हनतेत, आप्पारावांची चाल बगा, कशी संतासारखी झालीय." दीपमालेला एवढ्यातही हसू आलं आणि तिने पदर तोंडात कोंबला. मग एकदम तिचं तोंड बारीक झालं. "बापू, आता तुमी सांगितलंय गंगा हाय. बोर कोरडा गेला तर माझं काय व्हईल? आन् खरं सांगितलं तर मामंजींचं काय?"

तेवढ्यात आप्पारावच बांधावरून येताना दिसले, संताच्या चालीनं नव्हे, चांगले पळत. दीपमाला कपबशी घेऊन सटकली.

दोघे इवाई एकमेकांसमोर उभे राहिले. मग आप्पाराव म्हणाले, "तुमी हुंगलं."

"हुंगलं."

"मी सांगितलं हुतं, मुंगळे हाईत म्हनून."

"आवं इवाई, मुंगळ्याच्या जागी नुसतं आंडं म्हनला आसता तर मी खापर उचललं नसतं!"

"हळू बोला!" आप्पारावांनी हात जोडले. "इवाई, तुमच्या पाया पडतो. हुंद्या बोर. तिथंच हुंद्या. कोरडा गेला तर जाऊंद्या. पैका जाऊंद्या. माळ जाऊ देऊ नका. आवं, ह्या गावातल्या निम्म्या लोकांचं कालवन मी चुलीवरनं उतरवलंय. त्येंना कळलं तर मला जगू देतील का?"

"आन् माझी इज्जत? मी गंगा म्हनून बसलो. जावयानं फोटू लावलाय. कोरडा गेला की उंद्यापासून मला कुनी गटाराची जागा बी इचारनार न्हाई. आन् माझी पोर? ईनबाई तिला आमटीसंगं बोर बी वाढतील जन्मभर!"

"मंग सांगा की, पानी सरकलं म्हनून. तुमी तर नेहमीच सांगता."

रामहरीला हे लागलं. "बोर घ्यायच्या आधी सरकलं म्हनू?"

तेवढ्यात रस्त्याकडून घरघर ऐकू आली. बोअरची गाडी आली होती. पाठीवर पाइपांचा भारा घेतलेली ती अजस्र गाडी कच्च्या रस्त्यावर डुलत, बाभळीच्या फांद्या मोडत रानात शिरली. वर बसलेली पोरं तमिळमध्ये ओरडत होती. गाडीचा अण्णा खाली उतरला आणि त्याने नेहमीचा सवाल केला, "पाइंट किदर?"

साऱ्यांनी लिंबाकडे बोट केलं. आप्पाराव आणि रामहरी दोघेही लिंबाकडे धावले, पण उशीर झाला होता. तुळजाबाई तिथं पोचल्या होत्या. एका हातात नारळ, दुसऱ्या हातात खुरपं.

"नारळ फोडायच्या आधी जागा सारखी करते," म्हणत त्या बसल्याच.

"ईनबाई, मी करतो!" रामहरी म्हणाला.

"तुमी पाव्हनं. बसा."

खुरपं चाललं. एकदा, दोनदा. तिसऱ्या वेळी मातीबरोबर पांढरी टरफलं उडाली. मुठीभर. मग आणखी. त्यांच्या खालून निघाले राखाडी, हिरवट पडलेले गोल गोळे. कुठून तरी गावातलं एक मरतुकडं कुत्रं आलं आणि शेपटी हलवत खड्ड्याच्या कडेला बसलं.

दोन्ही टाळकऱ्यांनी टरफलं बघितली आणि ते ताबडतोब आभाळाकडे बघायला लागले. कारण ओळखलं म्हटलं तर पुढचा सवाल येणार होता, तुमी कुठं बगितली? विलासने ओळखलीच. तो पाटोद्याच्या ढाब्यावर आम्लेट खात असे हे त्याच्या बायकोशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. तो फोनमध्ये डोकं घालून उभा राहिला. आप्पाराव लिंबाला टेकले. जाणार होतं ते जाऊ द्या, असं त्यांचं तोंड झालं होतं.

अण्णाने मात्र वाकून बघितलं आणि भाबडेपणाने म्हणाला, "अरे, ये तो अंडा है! बॉइल..."

"अण्णा, चाय पियो, चाय!" विलासने त्याला दंडाला धरून गाडीच्या मागे नेलं.

तुळजाबाईंनी एक टरफल उचललं. उलटंपालटं करून बघितलं. नवऱ्याकडे बघितलं, सुनेकडे बघितलं, आणि सगळ्यांत शेवटी रामहरीकडे. रामहरीने डोळे मिटले. आमटी गेली, बोअर गेला, आता लेकही माघारी येणार.

"अगं बया," तुळजाबाई हळूच म्हणाल्या. मग आवाज चढवला. "अगं बया बया! मोरनीची आंडी! आवं बगा की, मोरनीनं हितं घर केलंय! पिल्लं व्हायची हुती, कुनाच्या नजरंला लागली आन् फुटली!"

आप्पारावांचं तोंड उघडंच राहिलं.

"म्हनूनच तर ढब्बू मोरपंखी झाला!" तुळजाबाई उठून उभ्या राहिल्या. "मोराच्या घरात पुरला, मोराचा रंग चढला. काय वो इवाई? बरूबर का न्हाई?"

जे जन्मभर रामहरीने लोकांना ऐकवलं होतं ते आता कुणीतरी त्यालाच ऐकवत होतं, आणि त्याच्यापेक्षा सरस. त्याला सावरायला वेळ लागला, पण बापाने दिलेलं तोंड कामी आलं. "बरूबर, ईनबाई! मोरपंखी म्हंजी मोर वर हाय, गंगा खाली न्हाई. माझ्या बापाचा मोर बी..." इथं तो अडखळला, "तो बी आसलाच आसन."

"मंग हितं मशीन लावायचं न्हाई," तुळजाबाईंनी हुकूम सोडला. "मोराचं घर मोडलं म्हनून फारेष्टवाले केस करत्यात. शिवाय पाप. कुठं लावायचं ते सांगा."

रामहरीने बाभळीकडे बोट केलं. लालसर, कडेला पुसट हिरवं, धीर धरा. त्याच्यापाशी आता तेवढंच उरलं होतं.

सप्ताहवाल्यांनी खड्डा मोठ्या भक्तिभावाने बुजवला. फार घाईनेही बुजवला.

मशीन सुरू झालं. पांढऱ्या धुळीचा लोट उठला आणि लिंबावरची, बाभळीवरची पानं न् माणसांच्या डोक्यावरचे केस सारखेच पिठाळ झाले. खडक फुटत होता आणि धूळच धूळ निघत होती. नळीमागून नळी आत जात होती. अण्णा रामहरीकडे बघून नकारार्थी मान हलवत होता. दीपमाला चहासाठी रानात मांडलेल्या चुलीपाशी बसून होती, पण तिचं लक्ष धुळीच्या रंगाकडे होतं, आणि रामहरीचं लक्ष दीपमालेकडे. त्याने त्या तासाभरात जितके देव आठवले तितके आप्पारावांनी सप्ताहातही आठवले नसतील. मध्येच आप्पारावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

मग धूळ काळवंडली. ओली झाली. चिखल उडाला, पिचकारीसारखा, आणि पहिला फटका बसला तो आप्पारावांच्या पांढऱ्या धोतराला. गंगा नव्हती. दीडेक इंच पाणी होतं. पण पाणी होतं, आणि चव घेऊन बघितली तर गोड होतं.

विलासने स्टेटस बदललं.

तुळजाबाईंनी ओंजळ भरून पाणी डोळ्यांना लावलं. "बरं झालं," म्हणाल्या. रामहरीने वाट बघितली. आमटीचं नाव निघालं नाही.

*

संध्याकाळच्या गाडीला निघताना दीपमालेने धपाटे बांधून दिले. ओट्यावर तुळजाबाई एकट्याच होत्या. आप्पाराव धुतलेलं धोतर वाळत घालायच्या निमित्ताने परड्यात गेले होते आणि तिकडेच रमले होते.

"इवाई," तुळजाबाई म्हणाल्या, "तो मोरपंखी ढब्बू मला द्या."

"तो? तो कावून, ईनबाई? माझ्या बापाचा हाय."

"देवाऱ्यात ठेवते. रोज सकाळी ह्यांना त्येचं दर्सन घ्याया लावते. कपाळाला लावून, नाकाशी धरून." त्यांनी पदर तोंडावर ओढला. पदराच्या आड काय चाललं होतं ते रामहरीला दिसलं नाही, पण खांदे हलत होते. "एक इचारू का? मोराची आंडी म्हनं कोंबडीयेवढीच असत्यात?"

"मला काय म्हाईत, ईनबाई?" रामहरी घाईने म्हणाला.

"मला बी न्हाई म्हाईत. ऱ्हाऊंद्या मंग." मग त्या आत वळल्या आणि सुनेला हाक मारली. आवाज तोच, भांडी आदळल्यासारखा, पण शब्द रामहरीला स्पष्ट ऐकू आले. "दीपमाले! उंद्यापासून त्ये चुलीवर वायलं भांडं ठिवत जा. माझ्या आंघोळीच्या पान्यात नको. आन् रानात काय पुरू नको, कुत्री येत्यात. त्या कुत्र्यालाच घाल. तेवढंच पुन्य."

आतून दीपमालेचा, हसू दाबलेला आवाज आला, "व्हय आत्याबाई."

रामहरीने चंचीतून ढब्बू काढला. उन्हं उतरली होती तरी तो झळकत होता. एकदा त्याने तो तिरका धरून निळा, जांभळा, हिरवा असा सगळा खेळ बघून घेतला आणि ओट्यावर ठेवून दिला.

घरी पोचला तेव्हा दुसऱ्या दिवसाची उन्हं वर आली होती. रात्री गाडी चुकली म्हणून पाटोद्याच्या स्टँडवर झोपावं लागलं होतं. चंद्रभागाबाईने दारातच विचारलं, "पानी लागलं?"

"लागलं."

"पोरगी?"

"हासत हाय."

तिने त्याच्याकडे नीट निरखून बघितलं. "मंग जेवा आन् म्हशीकडं बगा. गोचिडांनी खाल्लं तिला. कालपासून दूध चोरतीय."

रामहरीने हात धुतले, भाकरीवर ठेचा घेतला, उभ्याउभ्याच खाल्लं. मग एका फुटक्या वाटीत रॉकेल घेऊन तो गोठ्यात गेला. म्हशीच्या कानामागे फुगलेले गोचीड द्राक्षांसारखे लटकले होते. त्याने तिच्या मानेवर थोपटलं, "गप ऱ्हा बे," म्हणाला, आणि एकेक गोचीड चिमटीत धरून, पिळा देऊन काढत, रॉकेलात टाकत बसला.